साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते

छोट्या राज्याला परराष्ट्र धोरण असू शकते काय, असा प्रश्न वर्तमानपत्रे वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल. ज्यांच्यापाशी मोठे सैन्य नाही, खजिना नाही, अशी राष्ट्रे न्यायाचा आणि शांततेचा पुरस्कार करीत जगाच्या चव्हाट्यावर उभी राहतात आणि बलाढ्य राष्ट्रांना त्यांच्याच सह्यांची आठवण करून देतात. १९३६ साली इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे राहिले, तो प्रसंग इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे आपल्याच मुलखातील एका लहानशा राज्याचा वकील लंडनमध्ये असाच उभा होता. तोही एक-दोन दिवस नव्हे, सुमारे चौदा वर्षे. त्याचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचे ठरले, तेव्हा या नावावर आमचे मन स्थिरावले याचे एक कारण बेंगळूरशीच निगडित आहे. शहाजीराजे भोसले यांची जहागीर या शहरात होती. १६३८ च्या सुमारास विजापूरकरांच्या मोहिमेनंतर बेंगळूर त्यांच्याकडे आले आणि बाळ शिवाजीराजांनी आपल्या आयुष्याची काही वर्षे येथे काढली. जयनगरच्या रस्त्यांवरून सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना ही गोष्ट अभिमानाने सांगावयास आवडते. मात्र त्या शहाजीराजांच्या वंशातील एका छत्रपतीचे राज्य कसे गेले आणि ते परत मिळावे म्हणून कोण झिजले, हे आम्ही सहसा सांगत नाही. पराभवाच्या कथा समारंभात शोभत नाहीत, असा आपला समज असावा.

रंगो बापूजी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यातले. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू, ज्यांचे नाव शिवछत्रपतींच्या अगदी पहिल्या उद्योगात येते, ते या घराण्याचे मूळपुरुष होत. रंगोजींच्या बालपणाविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही आणि तिच्यावाचून आमचे अडतही नाही, कारण त्यांच्या आयुष्याचा खरा आरंभ त्यांच्या धन्याच्या संकटापासून होतो. म्हणून आधी त्या धन्याची ओळख करून घेणे इष्ट.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा जन्म १७९३ चा. १८०८ साली ते गादीवर आले, पण ते केवळ नावाचे छत्रपती होते. राज्य पेशव्यांच्या हाती होते आणि महाराजांच्या भोवती पेशव्यांचाच पहारा असे. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने मोठ्या चातुर्याने त्यांना साताऱ्यास गादीवर बसविले. पेशवाई बुडविल्यानंतर मराठ्यांच्या मनाला फुंकर घालण्यासाठी एक छोटेसे राज्य उभे करणे त्याला सोयीचे वाटले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकार आणि महाराज यांच्यात तह झाला. पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पूर्वेला निजामाची हद्द असा तो मुलूख. पंढरपूर त्यात होते आणि विजापूरही होते. ज्या विजापूरच्या दरबारात शहाजीराजांनी चाकरी केली, ते विजापूर त्यांच्या वंशजाच्या लहानशा राज्यातले एक गाव होऊन राहिले, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

या तहाचे पाचवे कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साताऱ्याच्या राजाने परक्या राज्यांशी, आपल्या अमलाखाली नसलेल्या सरदारांशी किंवा संस्थानिकांशी रेसिडेंटाच्या संमतीवाचून कोणताही व्यवहार ठेवता कामा नये, आणि ठेवल्यास राज्यापासून मिळणाऱ्या लाभांना मुकावे, असा त्याचा आशय होता. म्हणजे परराष्ट्र धोरण नावाची वस्तू या राज्याकडून पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आली होती. पुढे ज्या आरोपांवरून महाराज पदच्युत झाले, ते याच कलमाच्या आधारे रचले गेले. आणि ज्या राज्याला परदेशाशी बोलण्याची बंदी होती, त्या राज्याला आपले गाऱ्हाणे घेऊन सातासमुद्रापलीकडे वकील पाठवावा लागला.

पहिली काही वर्षे मात्र बरी गेली. ग्रँट डफ रेसिडेंट असताना कारभाराची घडी बसली आणि १८२२ साली महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा डफ तो हाच. महाराज उद्योगी होते. रोजनिशी लिहिण्याची त्यांना सवय होती. रस्ते, शाळा, छापखाना, शहराला पाणीपुरवठा या गोष्टींत त्यांनी लक्ष घातले. महाबळेश्वरचे थंड हवेचे ठिकाण इंग्रजांना दिले गेले ते १८२८ च्या सुमारास त्यांच्याच हातून, वाईजवळच्या खंडाळा गावाच्या मोबदल्यात. कंपनीचे लंडनमधील संचालक मंडळ त्यांच्यावर इतके प्रसन्न होते की १८३५ साली त्यांनी प्रशंसेचे पत्र आणि एक रत्नजडित तलवार महाराजांसाठी रवाना केली. ती तलवार मुंबईपर्यंत आली आणि मुंबई सरकारने ती महाराजांना दिलीच नाही.

हे असे का झाले? मूळ भांडण जहागिरदारांच्या हक्कांचे होते. अक्कलकोट, फलटण, जत, भोर, औंध ही घराणी छत्रपतींची चाकर की कंपनीची, त्यांतले कोणी निपुत्रिक वारले तर जहागीर कोणाकडे जावी, असा तो वाद होता. महाराज तहाचा मजकूर पुढे ठेवीत आणि मुंबई सरकार टोलवाटोलवी करी. महाराजांनी हा प्रश्न थेट लंडनला नेण्याचे ठरविले आणि येथेच ठिणगी पडली. मुंबईच्या अधिकाऱ्यांना आपल्या डोक्यावरून वर दाद मागणारा राजा नको होता. त्यात साताऱ्यातील घरभेद्यांची भर पडली. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे इंग्रजांच्या कानाशी होती. ब्राह्मण आणि प्रभू यांच्यातील वेदोक्ताचा वादही त्या काळी साताऱ्यात पेटलेला होता आणि महाराजांनी प्रभूंची बाजू घेतल्याने अनेकांची मने दुखावली होती. आमच्या समाजाचा हा जुना रोग आहे. शत्रू दाराशी असताना आपण पंगतीतल्या जागेवरून भांडत असतो.

१८३६ साली महाराजांवर आरोप झाले. कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितविण्याचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधले आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला, असे ते तीन आरोप. चौकशीसाठी एक गुप्त मंडळ साताऱ्यास बसले. पोर्तुगालची फौज हिंदुस्थानात उतरवून कंपनीला हाकलण्याचा बेत हा राजा करतो, हे म्हणणे ऐकून आज हसू येते. गोव्याच्या सरकारची त्या काळची अवस्था ज्याला ठाऊक आहे तो यावर विश्वास ठेवणार नाही. पण महाराजांपुढे पुराव्याच्या नकला ठेवल्या गेल्या नाहीत, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची मोकळीक मिळाली नाही आणि एका महत्त्वाच्या अर्जाविषयी तर कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या इसमाने तो आपणच बनावट लिहिल्याचे पुढे सांगितले. चौकशी मंडळावर बसलेले रेसिडेंट लॉडविक यांना कालांतराने स्वतःच्याच निर्णयाचा पश्चात्ताप झाला आणि लंडनमध्ये त्यांनी महाराजांच्या निर्दोषपणाची उघड बाजू घेतली. यावरून त्या चौकशीची किंमत वाचकांनी ठरवावी.

१८३९ मध्ये नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यास आले. त्यांनी प्रकरण मिटविण्याची एक वाट दाखविली. महाराजांनी आपण तह मोडला असे मान्य करावे, पुढे नीट वागण्याचे वचन द्यावे, म्हणजे राज्य राहील. प्रतापसिंहांनी हे नाकारले. चौकशी करा, गुन्हा सिद्ध झाला तर राज्य घ्या, परंतु न केलेला गुन्हा मी कबूल करणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. व्यवहारी माणसे म्हणतील की एक सही करून टाकावयास काय हरकत होती. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच समजत होतो. पण एकदा का गुन्ह्याच्या कबुलीवर सही झाली की उरलेले राज्य हे हक्काचे न राहता मेहेरबानीचे होते, हे महाराजांनी ओळखले होते. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटेच्या सुमारास रेसिडेंट ओव्हान्स फौज घेऊन वाड्यात शिरले. महाराजांनी आपल्या माणसांना हत्यार उचलू दिले नाही. त्यांना पालखीत बसवून साताऱ्याबाहेर लिंब गावी नेण्यात आले आणि तेथून काशीस रवाना करण्यात आले. त्या लांबच्या वाटेवर त्यांचे चुलतबंधू बळवंतराव, ज्यांना बाळासाहेब सेनापती म्हणत, मृत्यू पावले. सेनापतींच्या पत्नीला त्याच प्रवासात मुलगा झाला. पुढे महाराजांनी तोच मुलगा दत्तक घेतला. गादीवर महाराजांचे धाकटे बंधू आप्पासाहेब, म्हणजे शहाजीराजे, यांना बसविण्यात आले.

हत्यार उचलावयाचे नाही हे ठरल्यावर एकच मार्ग उरला, तो म्हणजे बोलण्याचा. ते काम रंगो बापूजींकडे आले. महाराजांनी यापूर्वीही माणसे विलायतेस धाडली होती. मीर अफझल अली हे त्यांतले एक. १८३९ मध्ये रंगोजी निघाले, तेव्हा मुंबई आणि सुएझ यांच्या दरम्यान आगबोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे, अशी ज्या समाजाची समजूत होती, त्या समाजातून उठून एक मध्यमवयीन कारकुनी पेशाचा गृहस्थ परक्या भाषेच्या आणि परक्या हवेच्या देशात गेला. इंग्रजी त्यांना येत नव्हते. ते तेथे गेल्यावर त्यांनी शिकून घेतले आणि इतके शिकून घेतले की लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत ते आपली बाजू स्वतः मांडू लागले.

रंगोजींना कोणत्या यंत्रणेशी झुंजावयाचे होते, ते येथे थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण त्यांचे कौशल्य त्यातूनच दिसते. कंपनीचा कारभार २४ संचालकांचे मंडळ पाही. त्यांच्यावर ब्रिटिश सरकारचे नियंत्रक मंडळ होते आणि त्याचे अध्यक्ष हे मंत्रिमंडळातले गृहस्थ असत. त्या काळी बराच काळ हॉबहाउस हे त्या जागी होते. सर्वांत वर पार्लमेंट. पैकी संचालकांनी दार लावून घेतले, कारण कार्नॅक हे त्यांचेच माजी अध्यक्ष. पदच्युत राजाचा वकील म्हणून रंगोजींना मान्यता देण्यासही ते तयार नव्हते. ज्याला मान्यता नाही तो अर्ज कसा करणार? मग रंगोजींच्या लक्षात आले की कंपनीला भागधारकही आहेत. नऊ भागधारकांनी मागणी केली तर खास सर्वसाधारण सभा भरवावी लागते आणि त्या सभेतील भाषणे वर्तमानपत्रांत छापून येतात. झाले! जे दार पुढून उघडेना ते मागून उघडले. सभांमागून सभा झाल्या. कधी मते कमी पडली, कधी ठराव पुढे ढकलला गेला, पण सातारा हा शब्द लंडनच्या कानांवरून हटला नाही. पत्रके निघाली, कागदपत्रे छापली गेली, पार्लमेंटात मागणी होऊन साताऱ्याच्या प्रकरणाची दप्तरे उघड करावी लागली. आज आपण त्या अन्यायाविषयी इतके तपशिलाने बोलू शकतो, ते त्या छापील कागदांमुळे.

रंगोजींनी माणसे जोडली तीही पाहण्यासारखी. जोसेफ ह्यूम हे पार्लमेंटातील जुने सुधारणावादी सभासद. त्यांनी हा प्रश्न कॉमन्स सभेत काढला. साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज आणि रॉबर्टसन, दोघेही सेनाधिकारी, महाराजांना जवळून ओळखणारे, त्यांच्या बाजूने उभे राहिले. लॉडविक यांचा उल्लेख वर आलाच आहे. जॉन सलिव्हन हे आणखी एक. सुट्टीत उटकमंडला जाणाऱ्या आमच्या बेंगळूरच्या वाचकांना हे नाव तेथल्या तळ्याच्या संदर्भात ऐकून ठाऊक असेल. कोइमतूरचे कलेक्टर असताना ज्यांनी ते गाव वसविले, तेच हे सलिव्हन. मद्रास इलाख्यातून निवृत्त होऊन ते विलायतेस गेले आणि कंपनीचे भागधारक या नात्याने साताऱ्यासाठी भांडले. उटकमंडच्या तळ्याकाठी उभे राहून शिवछत्रपतींच्या गादीची आठवण व्हावी असा हा दुवा आहे, आणि आम्हांला तो फार उशिरा सापडला.

या सर्वांत जॉर्ज टॉम्सन यांचे स्थान वेगळे. गुलामगिरीविरुद्ध भाषणे करीत ज्यांनी इंग्लंड पालथे घातले आणि ज्यांना त्यासाठी अमेरिकेतून जीव मुठीत धरून परतावे लागले, असा हा वक्ता. ब्रिटिश वसाहतींतून गुलामगिरी नष्ट करणारा कायदा १८३३ साली झाला होता. ते काम संपल्यावर टॉम्सन यांचे लक्ष हिंदुस्थानकडे वळले आणि १८३९ साली ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली. द्वारकानाथ टागोरांबरोबर ते कलकत्त्यासही येऊन गेले. काळ्या गुलामाला माणूस म्हणून हक्क असतील तर हिंदुस्थानच्या राजाला आरोपी म्हणून काही हक्क आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यांनी कंपनीच्या सभागृहात मांडला. मानवी हक्क हा शब्दप्रयोग आज आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीरनामा काढला, त्यात प्रत्येकाला निःपक्षपाती न्यायासनापुढे सुनावणीचा अधिकार मान्य केला गेला. रंगो बापूजींनी लंडनमध्ये सगळा काळ जे मागितले ते याहून वेगळे नव्हते. राज्य परत द्या, ही मागणी त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवली होती. पहिली मागणी एवढीच होती की आरोप सांगा, पुरावा दाखवा आणि ऐकून घ्या.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठासून सांगतो, कारण रंगोजींकडे निव्वळ स्वामिनिष्ठ सेवक म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. स्वामिनिष्ठा होतीच. परंतु केवळ स्वामिनिष्ठेने माणूस मेजवान्यांतून अश्रू ढाळतो, कायद्याची कलमे घोकत नाही. लहान राज्यापाशी एकच शस्त्र असते, ते म्हणजे बलवानाने स्वतः केलेला करार. त्या कागदाची धार किती आहे हे रंगोजींनी जाणले होते आणि ब्रिटिश न्यायबुद्धीला तिच्याच आरशापुढे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तो आरसा पुढे दादाभाई नौरोजींनी हाती घेतला, गोखल्यांनी घेतला. विलायतेत जाऊन हिंदुस्थानचे गाऱ्हाणे मांडण्याची जी परंपरा आपण त्यांच्यापासून मोजतो, ती आमच्या मते एक पिढी आधी, साताऱ्याच्या या वकिलापासून मोजावयास हवी.

परदेशात दिवस कसे गेले असतील? पैसा संपत आला. काशीहून मदत येई तीही अनिश्चित, आणि पत्राच्या उत्तराला महिनोन्‌महिने लागत. कर्ज झाले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस वारले. निर्दोषपणाचा निकाल ऐकण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. ती बातमी लंडनला पोहोचली तेव्हा रंगोजींनी सामान बांधले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. ज्याचे वकीलपत्र होते तो अशीलच उरला नव्हता. पण ते राहिले. महाराजांच्या राण्या होत्या, दत्तक पुत्र होता आणि दावा अजून जिवंत होता.

लगेच दुसरा घाव बसला. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्यास शहाजीराजे वारले. त्यांनाही औरस संतती नव्हती आणि मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क या दोघांनीही दत्तक मान्य करण्याच्या बाजूने मत दिले. येथे इंग्रजांतील या दोन अधिकाऱ्यांना न्याय दिला पाहिजे. तथापि कलकत्त्यास डलहौसी नुकतेच येऊन बसले होते. त्यांनी दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्याचे ठरविले आणि १८४९ च्या आरंभी लंडनच्या संचालकांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. काही संचालकांनी विरोध नोंदविला, पण तो नोंदीपुरता. डलहौसींच्या कारकिर्दीतला हा पहिला मोठा घास. पुढे झाशी आणि नागपूर याच वाटेने गेली. भाऊ विरुद्ध भाऊ अशी जी जोडी इंग्रजांनी १८३९ मध्ये उभी केली होती, तिच्यातले दोघेही गेले आणि राज्यही गेले.

रंगोजींनी आता दुहेरी दावा मांडला. एक, महाराजांना अन्यायाने पदच्युत केले. दोन, तहाप्रमाणे राज्य वंशपरंपरेने दिलेले असता आणि दत्तकाची चाल आमच्या शास्त्रात सर्वमान्य असता ते खालसा करण्याचा अधिकार कंपनीला नाही. मुद्दे अचूक होते. ऐकणारे मात्र कंटाळले होते. राजकारणात सत्य जुने झाले की त्याची बातमी होत नाही. ह्यूम वृद्ध झाले होते, सभांना गर्दी जमेनाशी झाली होती. शेवटी १८५३ मध्ये, कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण पार्लमेंटात झाले त्या वर्षाच्या अखेरीस, रंगो बापूजी परत निघाले. त्यांचे कर्ज भागविण्यास आणि परतीच्या प्रवासास ज्या कंपनीशी ते भांडले त्या कंपनीनेच साहाय्य केले. याला उपकार म्हणावे की पीडा टळावी म्हणून दिलेले भाडे, हे ज्याने त्याने ठरवावे. चौदा वर्षांपूर्वी घर सोडले तेव्हा लहान असलेली मुले आता कर्ती झाली होती.

येथून पुढचा भाग अंधुक आहे आणि त्यावर दंतकथांचे दाट धुके आहे. लंडनमध्ये नानासाहेब पेशव्यांचा वकील अझीमुल्ला खान आणि रंगो बापूजी यांची भेट झाली आणि तेथेच सत्तावन्नच्या उठावाचा बेत शिजला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथामुळे ही कथा घरोघर गेली. अझीमुल्ला १८५३ मध्ये लंडनला पोहोचले आणि रंगोजी त्याच वर्षाच्या अखेरीस निघाले, तेव्हा भेट अशक्य नव्हती. पण तेथे काय बोलणे झाले याचा कागद नाही आणि कागदावाचून आम्ही ते सत्य म्हणून सांगणार नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी या ग्रंथात या प्रकरणाचा मोठा पट उभा केला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा. त्यातील आवेश काहींना अधिक वाटेल, पण तो आवेश एका विस्मृत माणसाला पुन्हा उजेडात आणण्यासाठी होता.

एवढे मात्र निश्चित की १८५७ च्या उन्हाळ्यात साताऱ्यास उठावाची तयारी झाल्याचा इंग्रजांना सुगावा लागला आणि तिच्या मुळाशी त्यांनी रंगो बापूजींचे नाव धरले. ऑगस्टमध्ये राजघराण्यातील मंडळींना साताऱ्यातून हलविण्यात आले. रंगोजी सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम सापडला. खास नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढे घाईने खटला चालला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली. पाच जणांना फाशी दिले, सहा जणांना गोळ्या घातल्या आणि सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले. सीताराम त्यांत होता.

शांततेचा मार्ग धरून चौदा वर्षे घालविलेला माणूस अखेरीस शस्त्राकडे वळला काय? वळला असेल तर त्यात रंगोजींचा दोष अधिक की त्यांना चौदा वर्षे दारात तिष्ठत ठेवणाऱ्यांचा? आमचे मत आम्ही लपवीत नाही. रंगोजींवर उठावाचा आरोप कधीच न्यायासनापुढे सिद्ध झाला नाही, कारण ते कधीच न्यायासनापुढे आले नाहीत. त्यांच्या बाबतीतही पुरावा न दाखविता निकाल झाला, जसा त्यांच्या धन्याच्या बाबतीत झाला होता. पण मुलाचा मृत्यू हा त्या निकालाचा भाग होता आणि तो कोणत्याही सर्वसाधारण सभेत मांडता येण्याजोगा नव्हता.

या कथेचा एक धागा आमच्या या शहरात येऊन पोहोचतो. १८३१ साली कंपनीने म्हैसूरचा कारभार कृष्णराज वडेयर यांच्याकडून काढून घेतला आणि बेंगळुरास आपले कमिशनर बसविले. आपण ज्यांच्या नावाच्या बागेत मुलांना नेतो ते कब्बन त्यांतलेच. महाराजांनी शस्त्र उचलले नाही. वर्षानुवर्षे अर्ज आणि विनवण्या चालू ठेवल्या, दत्तक घेतला, विलायतेत आपली बाजू मांडणारी माणसे मिळविली. आणि तेथे निकाल उलटा लागला! १८६७ साली ब्रिटिश सरकारने दत्तक मान्य करून राज्य परत देण्याचे ठरविले आणि मार्च १८८१ मध्ये चामराजेंद्र वडेयर यांच्या हाती म्हैसूरचा कारभार आला. बेंगळूरने, म्हैसूरने पुढे जी प्रगती केली, विजेचे दिवे लावले, विद्यापीठ काढले, ती त्या निकालामुळे शक्य झाली. फरक कशाने पडला? मधे १८५७ झाले होते. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचे आणि नवा मुलूख न गिळण्याचे वचन दिले गेले आणि त्यानंतर दत्तकाच्या सनदा वाटण्यात आल्या. रंगो बापूजी लेडनहॉल स्ट्रीटवर जे मागत होते, तेच ते होते. ते साताऱ्याला मिळाले नाही. म्हैसूरला मिळाले आणि त्या राज्याच्या सावलीत वाढलेल्या शहरात आम्ही आज नांदतो आहोत. साताऱ्याच्या वकिलाचे आम्हां जयनगरकरांवर काही ऋण आहे की नाही, याचा विचार करताना ही तारीखवार मांडणी डोळ्यांपुढे ठेवावी.

रंगोजींचे पुढे काय झाले याच्या अनेक कथा आहेत. कोणी म्हणतात ते गोसाव्याच्या वेषात फिरत राहिले. ठाण्यास एका लग्नघरी ते आले असता पकडण्यासाठी शिपाई पोहोचले आणि ते वेषांतर करून निसटले, अशीही एक आख्यायिका आहे. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या चौकाला त्यांचे नाव दिलेले आहे. भाजीबाजाराच्या गर्दीतून वाट काढणाऱ्यांपैकी ती पाटी किती जण वाचतात, कोण जाणे. साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंती नावाची जागा आहे. दसऱ्याची मिरवणूक राजस्त्रियांना पाहता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ती बांधविली होती आणि आता तेथे सत्तावन्नच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. तेथून सातारा शहर संपूर्ण दिसते. आम्ही काही वर्षांपूर्वी संध्याकाळी तेथे गेलो होतो. दिवे लागत होते आणि खालच्या पेठांतून वाहनांचा आवाज येत होता. ज्या शहरातून ते १८३९ साली निघाले आणि १८५७ साली कायमचे नाहीसे झाले, ते हेच. त्यांची समाधी कोठेही नाही आणि त्यांच्या मृत्यूची तिथी कोणत्याही दप्तरात सापडलेली नाही.